धक्क्यावरची खुर्ची

स्तावरे हातात संत्रं घेऊन खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला, मान खाली घातली आणि म्हणाला, "काका, माझं काही चुकलं-माकलं असेल तर क्षमा करा." उत्तर आलं नाही म्हणून त्याने वर पाहिलं. खुर्चीवर फक्त आत्याच्या बुडालेल्या नवऱ्याची, रिस्तोची, टोपी होती. काका आपले नेहमीच्या जागी, शेगडीशेजारी उभे होते आणि त्यांच्या दोन्ही कानांतून मेंढीची पांढरी लोकर बाहेर डोकावत होती.

"टोपीने क्षमा केली असेल तर ऊठ," त्याची बायको ल्यूबा म्हणाली. ती स्टुलावर चढून तुळईला दोरा बांधत होती. दोऱ्याच्या खालच्या टोकाला रात्री तोंडाने पकडायच्या खेळासाठी हलव्याचा पांढरा तुकडा लटकत होता. "पाय माझ्या वाटेत येतायत."

स्तावरेची आत्या वेलिका टेबलाच्या कडेला बसून हे पाहत होती आणि तिला पहिल्यांदाच कळलं, की यंदा घर अडलं आहे. तिचा थोरला भाऊ मेतोदी जानेवारीत गेला. मयत, पेटी, चाळिसाव्या दिवसाचा शिजवलेला गहू, येणारे-जाणारे, या सगळ्यात क्षमेच्या रविवारचा विचार कुणाच्या डोक्यात शिरलाच नव्हता. इतकी वर्षं मेतोदी वडीलधारा. तो शेगडीजवळच्या पलंगावर बसायचा, सगळे एकेक करून संत्रं घेऊन त्याच्यापुढे वाकायचे, हाताचं चुंबन घ्यायचे, आणि तो म्हणायचा, "देवाने क्षमा केली, मीही केली." मग चीजची पोळी कापायची, अंडी फोडायची, आणि दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंत कडक उपवास. मेतोदीनंतर घरात मोठा नाउमे, स्तावरेचा काका. आणि नाउमे बसत नव्हता.

तसा तो गेली तीस-बत्तीस वर्षं बसलेला नव्हता. झोपायचा आडवा, जेवायचा उभा. रेसेनला जाणाऱ्या बसमध्ये सगळ्या जागा मोकळ्या असल्या तरी दांडा धरून उभा राहायचा आणि ड्रायव्हर दर वळणावर त्याला शिव्या घालायचा. सफरचंदांच्या काढणीत स्तावरे ट्रॅक्टरवर आणि नाउमे ट्रॅक्टरच्या शेजारून चालत. चर्चमध्ये तर सगळेच उभे राहतात, त्यामुळे तिथे त्याला कुणी काही विचारत नसे. एरवी त्याचे कान इतके तिखट, की कोंबडी अंड्यावर बसली तर याला घरात कळायचं. फक्त या एका रविवारी तो सकाळीच लोकर कोंबून घ्यायचा. कारण या रविवारी वेलिका त्याच्यासमोर येऊन "तुला क्षमा आहे" म्हणायची, आणि ते त्याला ऐकायचं नव्हतं.

"फादर, आता काय हो करायचं?" स्तावरेने विचारलं.

पाद्री सोतिर मेतोदीचा जुना दोस्त. संध्याकाळची प्रार्थना उरकून थेट इथेच आला होता. देह मोठा, नजर अधू. टेबलावरच्या पोळीची वाफ जिकडून येत होती तिकडे त्याने तोंड केलेलं होतं.

"रीत सरळ आहे," तो म्हणाला. "आधी क्षमा, मग चीज. मोठ्याने बसायचं, लहानांनी वाकायचं. उभ्या माणसापुढे वाकलं तर ती क्षमा होत नाही, ती वर्दी होते."

"मग वेलिकाआत्यांसमोर वाकतो की आम्ही," ल्यूबा स्टुलावरून म्हणाली. "त्याही मोठ्याच."

"माझा भाऊ जिवंत आहे," वेलिका म्हणाली. "तो मेला की वाका."

"ऐकत नाहीत ते, आत्या," स्तावरे म्हणाला.

"ऐकेल कसा? कानांत मेंढी घालून बसलाय."

"बसले असते," ल्यूबा म्हणाली, "तर प्रश्नच मिटला असता."

पाद्री सोतिरने सुस्कारा टाकला आणि उठला. "थांबा. मी त्यांना खुणेने सांगतो. देवाचं वचन कानांनीच ऐकायला हवं असं कुठे आहे?"

तो नाउमेसमोर जाऊन उभा राहिला. आधी नाउमेकडे बोट केलं, मग आभाळाकडे. मग येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट सांगायला घेतली, कारण पेत्रानेही मोठीच चूक केली होती आणि तोही नाउमेसारखाच कोळी होता. पाद्रीने दोन्ही हातांनी हवेत जाळं टाकलं. तीन बोटं दाखवली आणि तीनदा मान हलवली, की मी नाही ओळखत त्याला, नाही, नाही. मग झग्याच्या बाह्या फडफडवल्या, मान ताणली आणि तिसऱ्या नकारानंतर आरवणाऱ्या त्या कोंबड्यासारखा आरवला. इतका जोरात, की बाहेरचा खरा कोंबडाही आरवला. वळताना हलवा त्याच्या दाढीत अडकला, तो त्याने न बघताच चाटून सोडवला.

नाउमेने हे सगळं फार आदराने पाहिलं. मान डोलावली, बाहेर गेला आणि दोन अंडी घेऊन आला.

"ही शेवटची," तो बहिऱ्या माणसासारखा ओरडून म्हणाला. "उद्यापासून खायची नाहीत, तेच सांगताय ना फादर? माहीत आहे मला."

पाद्रीने अंडी घेतली. "तसं तेही खरंच आहे," तो पुटपुटला आणि परत पोळीच्या दिशेला जाऊन बसला.

मग स्तावरेने कंबर कसली. स्तावरेला पटवायला आवडायचं. तो फळबागायतदारांच्या मंडळात होता आणि तिथे सगळे त्याचं ऐकायचे. तो काकांच्या कानाशी जाऊन ओरडला, "काका! त्या रात्री धुकं इतकं होतं, की कंदील लावला असता तरी रिस्तो आतोबांना दिसला नसता! तुमचा दोषच नाही यात!"

"दिसला असता," वेलिका म्हणाली.

तिने हे हळू आवाजातच म्हटलं.

"मी खिडकीत उभी होते. शेजाऱ्यांच्या धक्क्यावरचा कंदील मला दिसत होता. आपला असता तर रिस्तोला दिसला असता. उगाच खोटं ओतू नकोस त्याच्या कानांत. लोकर आहे ती पुरे."

ही गोष्ट घरात कधी लपलेली नव्हती. नाउमेनेच ती रिस्तोच्या मातीच्या वेळी सगळ्या गावासमोर ओरडून सांगितली होती. त्या दुपारी खानावळीत पत्त्यांच्या डावावरून रिस्तो त्याला चारचौघांत हसला होता. संध्याकाळी धुकं उतरलं. धक्क्यावर कंदील लावायचं काम नाउमेचं. तो कंदील मांडीवर घेऊन या खुर्चीवर बसून राहिला. फिरू दे तळ्यात तासभर, गारठून आला की मस्ती उतरेल, असा त्याचा हिशेब. सकाळी होडी वेतांच्या झुडपांत उलटी सापडली.

त्या दिवसापासून तो बसला नाही. आणि त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला कंदील लावायला मात्र चुकला नाही. पुढे प्रेस्पा तळ्याचं पाणी मागे सरकायला लागलं. दर वर्षी थोडं, मग बरंच. आता धक्का कोरड्यात उभा होता, त्याच्या एका बाजूला वेत आणि दुसऱ्या बाजूला स्तावरेची सफरचंदाची रोपं. तळं तिथून नुसतं चकाकताना दिसायचं. कंदिलाच्या उजेडावर धक्क्याला येऊन लागायचे ते पतंग, आणि एकदा एक गाढव.

वेलिका उठून आतल्या खोलीत प्लेटा आणायला गेली. मागोमाग ल्यूबा आली आणि तिने दार लोटलं.

"आत्याबाई, एक बोलू? रागवू नका."

"तू विचारलंस म्हणजे रागवण्यासारखंच असणार."

"ते बसले नाहीत तर बरंच आहे." ल्यूबाने पुसायच्या फडक्याला हात पुसले, पुन्हा पुन्हा. "लाकडं कोण आणतं? काका. पाणी? काका. छाटणी, बर्फ ओढणं, डुकराचं बघणं? उभा माणूस काम करतो. एकदा का बसायची चटक लागली, की मग स्तावरे उठेल असं वाटतं तुम्हाला? माझा स्तावरे?"

"एवढ्यासाठी माणूस जन्मभर उभा ठेवायचा?"

"मी ठेवला नाही. मी आले तेव्हा ते उभेच होते." आणि मग तिचा आवाज उतरला. "मला त्यांची कीव येते हो. नोव्हेंबरात ती धक्क्यावरची फळी मोडली ना, तेव्हापासून ते कोरडी भाकरच खातायत. त्यांना वाटतं देवाने मोडली. अजून राग गेला नाही म्हणून. ती दुरुस्तही करत नाहीत. म्हणतात देवाने मोडलेलं माणसाने जोडू नये."

दार किलकिलं झालं. स्तावरे उभा होता. त्याचे कान लालभडक.

"तुझ्या कानांना काय झालं?" ल्यूबा म्हणाली.

"काही नाही."

"स्तावरे."

"ट्रॅक्टर मागे घेताना... जरासाच लागला."

"तू म्हणालास वाऱ्याने मोडली!"

"वारा होताच तेव्हा!"

"म्हातारा माणूस नोव्हेंबरपासून सुकी भाकर चघळतोय, आणि तू त्यांच्यासमोर बसून सॉसेज खात होतास!" ल्यूबाने हातातलं फडकं त्याच्या तोंडावर फेकलं. "नाताळात! दोनदा मागून घेतलंस!"

स्तावरेने फडकं तोंडावरून काढलंच नाही. आतूनच म्हणाला, "म्हणून तर सगळ्यात आधी गुडघ्यावर बसलो ना मी. आत्या, काहीही कर, पण त्यांना बसव. हे घेऊन मला उपवासात जायचं नाही."

"मलाही नाही," ल्यूबा म्हणाली आणि एका क्षणात तिने बाजू बदलली. "बसवा हो त्यांना. लाकडं हा आणेल."

दोघं भांडत बाहेर गेले. वेलिका तिथेच राहिली. प्लेटा तिच्या हातात होत्या, पण तिला त्या जड झाल्या होत्या.

कारण ती टोपी.

घरात सगळ्यांना वाटायचं की टोपी नाउमेने ठेवली. तीही तसंच वाटू देत आली. पण रिस्तो गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या शरदात, सफरचंदांची सगळी काढणी एकट्याने उरकून नाउमे संध्याकाळी घरात आला होता. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, घटकाभर थांबला आणि गुडघे वाकवायला लागला. वेलिका तिथेच लोकर पिंजत होती. ती उठली, खुंटीवरची रिस्तोची टोपी काढली आणि खुर्चीवर ठेवली. एवढंच. नाउमे सरळ झाला. परत कधी त्याने खुर्चीला हात लावला नाही.

त्यानंतर दर क्षमेच्या रविवारी ती त्याला "तुला क्षमा आहे" म्हणाली, आणि दर रविवारी टोपी तिथेच राहिली. झाडताना ती टोपी उचलायची, खुर्ची पुसायची, टोपी परत ठेवायची. त्याच्या कानांत लोकर आहे याचं तिला वाईट वाटायचं असं ती लोकांना सांगायची. खरं म्हणजे तिला बरं वाटायचं. न ऐकणाऱ्याला क्षमा करणं फार सोपं जातं. आणि ती लोकर तरी कुणी पिंजलेली होती?

बाहेर दार वाजलं. दिवे लागायची वेळ झाली होती. नाउमे कंदील घेऊन निघाला होता.

वेलिकाने प्लेटा खाली ठेवल्या. टेबलाजवळ आली, टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि खुर्ची पाठीकडून दोन्ही हातांनी उचलली.

"आत्या, कुठे?" स्तावरे ओरडला.

"तो खुर्चीकडे येत नाही. खुर्ची जाईल."

"दे इकडे, मी घेतो."

"हात लावू नकोस. ही मीच अडवली होती."

कुणाला काही कळलं नाही. ती दारातून आडवी-उभी करत खुर्ची घेऊन बाहेर पडली. वाटेत दोनदा टेकवली, दोनदा उचलली. सफरचंदाच्या रोपांना खुर्चीचे पाय लागत होते. फेब्रुवारीतली थंडी तळ्यावरून येत होती आणि रिस्तोची टोपी तिच्या कानांपर्यंत उतरली होती. मागे खिडकीत तिघांची डोकी जमली, मधलं दाढीचं.

नाउमे धक्क्याच्या टोकाला खिशात काडेपेटी चाचपत होता. पायांखालच्या फळ्या हलल्या म्हणून वळला. पाहतो तर कोरड्या धक्क्यावरून त्याची म्हातारी बहीण मेलेल्या नवऱ्याची टोपी घालून, खुर्ची पोटाशी धरून त्याच्याकडे चालत येते आहे. त्याने क्रुसाची खूण केली.

वेलिकाने खुर्ची त्याच्यासमोर ठेवली. मग एक हात खुर्चीला धरून ती हळूहळू गुडघ्यांवर आली. आधी एक गुडघा, मग कण्हत दुसरा.

आजवर कुणी त्याच्यापुढे असं वाकलं नव्हतं. त्याने तिला उठवायला हात पुढे केला, तिने तो ढकलला. तिचे ओठ हलत होते. त्याने पाहिलं, की या वेळी तिच्या ओठांवर नेहमीचे शब्द नाहीत. नेहमीचे शब्द त्याला न ऐकताही पाठ होते. हे काही वेगळंच होतं. आणि ती रडत होती.

त्याने उजव्या कानातली लोकर काढली. मग डाव्या.

"...म्हणून दादा, मला क्षमा कर," ती म्हणत होती.

"काय? कशासाठी? वरचं नाही ऐकलं मी."

"मेल्या, एवढं सगळं बोलून झालं माझं!"

"परत बोल."

तिने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "ही खुर्चीवर मी ठेवली होती. तू बसायला निघाला होतास. मी बघितलं. मला वाटलं, नको. मी एकटी झोपते, याने का बसावं. आणि मग दर वर्षी तोंडाने क्षमा म्हणत राहिले आणि टोपी तिथेच ठेवत राहिले. तुझी लोकरसुद्धा मीच पिंजून द्यायचे, दादा. मऊ करून द्यायचे, कान दुखू नयेत म्हणून."

वेतांत कुठे तरी बदक फडफडलं.

"तू बरोबरच केलंस," नाउमे म्हणाला. "मी बसायच्या लायकीचा नाही. गुन्हा माझा."

"हो. तुझाच."

त्याने चमकून पाहिलं. तीस वर्षांत सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं होतं, की तुझा दोष नाही.

"तू कंदील लावला नाहीस," वेलिका म्हणाली. "हट्टाने लावला नाहीस. रिस्तो बुडाला. तो परत येणार नाही. मी काय म्हणते आहे की गुन्हा नाही? गुन्हा आहे, म्हणून तर क्षमा. नसता तर क्षमा कशाला लागली असती? पण ती देणारा वर बसलाय, क्रुसावर मरून त्याने ती दिली, आणि तू खाली उभा राहून म्हणतोस, मला पटत नाही. म्हणजे मोठा कोण? तू?"

"मी तसं कधी म्हणालो..."

"पायांनी म्हणतोस! रोज! फादर आरवत होते ना मघाशी, ते अंड्यांसाठी नव्हतं. पेत्राचं सांगत होते. त्याने तर ओळखच नाकारली. तरी पुढे तळ्याकाठी येशूने विस्तव केला, मासे भाजले आणि त्याला जेवायला बोलावलं. पेत्र काय कानांत लोकर घालून बाजूला उभा राहिला? बसला की. खाल्ले मासे. तोही कोळीच, आणि त्याचीही चूक तुझ्याएवढीच."

"माझ्यापेक्षा जास्त," नाउमे नकळत म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"बघ. आणि ते सोड. तुझं तू आणि देव बघा. माझे गुडघे गोठलेत. मेतोदी गेला, घरात मोठा तू. माझी टोपीची गोष्ट कुणाकडे नेऊ? तू क्षमा केली नाहीस तर हे घेऊन मी उपवासात जाणार, आणि या वयात पुढचा रविवार मिळेल की नाही कुणी सांगावं. तुला लायकी नसेल रे. पण मला गरज आहे."

नाउमेने खुर्चीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"मोठ्याने बसून म्हणायचं असतं," तो हळूच म्हणाला.

"तेच तर सांगतेय मगापासून."

गुडघे वाकेनात. जन्मभराची सवय मोडलेली. त्याने खुर्चीचे हात धरले, अर्धा वाकला, थांबला, परत सरळ झाला, पुन्हा वाकला. आणि एकदम सगळा भार सोडून बसला. कंदील मांडीवर राहिला. आणि कंदील मांडीवर आहे हे त्याला कळलं, तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला, कारण त्या रात्री तो असाच बसला होता. तो उठायला गेला. पण नेमकी तीच मोडकी फळी खुर्चीच्या मागच्या पायांखाली होती. काडकन आवाज झाला. खुर्ची मागच्या बाजूने हातभर खाली गेली आणि नाउमे गुडघे आभाळाकडे करून तिच्यात घट्ट रुतून बसला.

"वेले! देवाने परत मोडली!"

"स्तावरेने मोडली!" घराच्या दारातून आवाज आला. स्तावरे संत्रं हातात घेऊन रोपांमधून धावत येत होता. "काका, मी मोडली! नोव्हेंबरात! ट्रॅक्टरने! वारा नव्हता! म्हणजे होता, पण वाऱ्याने नाही मोडली!"

"ट्रॅक्टरने?" नाउमे खुर्चीतून म्हणाला. "देवाने नाही?"

"देवाला कुठे येतो ट्रॅक्टर मागे घ्यायला," मागून येणारी ल्यूबा म्हणाली. "यालाही येत नाही."

नाउमे हसला. वेलिकाने ते हसू इतक्या वर्षांनी ऐकलं, की आधी तिला वाटलं तो खोकतो आहे. तिने त्याच्या खिशातून काडेपेटी काढली, त्याच्या मांडीवरच्या कंदिलाची काच वर केली आणि वात पेटवली. उजेड त्याच्या तोंडावर पडला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवाने क्षमा केली," तो म्हणाला. "मीही केली."

"तुलाही क्षमा असो," वेलिका म्हणाली, आणि या वेळी दोघांनीही ते ऐकलं.

त्याला उठता येत नव्हतं, म्हणून सगळं तिथेच उरकलं. स्तावरे गुडघ्यांवर आला, संत्रं दिलं, फळीचं बोलला, नाताळातल्या सॉसेजचंही बोलला. ल्यूबा वाकली आणि लाकडांबद्दल काही तरी पुटपुटली, ते नीट कुणाला कळलं नाही, पण नाउमेने क्षमा केली. शेवटी पाद्री सोतिर धापा टाकत आला, त्या कोरड्या धक्क्यावर जडपणे वाकला आणि म्हणाला, "मी पोळीचा एक कोपरा तोडून खाल्लाय. फार वेळ लागत होता."

"देवाने क्षमा केली," नाउमे म्हणाला. आता त्याला सराव झाला होता.

मग त्यांनी त्याला खुर्चीसकट उपसलं आणि खुर्चीसकट उचलून घरी नेलं. पुढे पाद्री गात होता, मागे दोघं वाहत होते. कंदील त्याच्या मांडीवर हिंदकळत होता आणि वेलिका टोपी घालून मागून चालत होती. वरच्या रस्त्याने जाणाऱ्या एका शेजाऱ्याने वाटेतच टोपी काढून छातीवर क्रूस केला. त्याला वाटलं या घरातून दुसरीही मयत निघाली. मयत त्याला हात करून "क्षमा असो!" म्हणाली तेव्हा तो पळाला.

घरात त्याला टेबलाच्या टोकाला ठेवलं. पोळी गार झाली होती, तरी संपली. वेलिकाने नाउमेच्या कानांतून निघालेली लोकर टेबलाच्या कडेला ठेवली होती. पाद्री सोतिर ती चीज समजून तोंडात टाकून बराच वेळ चघळत होता. "या वर्षीचं जरा कोरडं आहे," तो म्हणाला, पण आतिथ्याचा मान राखून गिळलं. तेवढीच त्या लोकरीची सोय लागली.

मग हलव्याचा दोरा फिरवला. हात पाठीमागे धरून सगळ्यांनी तोंडं उघडली. हलवा स्तावरेच्या नाकाला लागला, ल्यूबाच्या कपाळाला लागला, पाद्रीच्या दाढीत परत गुंतून सुटला. वेलिकाने तिच्या पाळीला दोरा स्वतःच्या तोंडाकडे वळवलाच नाही. तिने तो सरळ टेबलाच्या टोकाकडे सोडला. नाउमे खुर्चीत टेकून, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून बसला होता. तुकडा त्याच्या तोंडात पडला तेव्हा तो लहान मुलासारखा दचकला आणि मग चावत राहिला. रीत म्हणून दोरा जाळायचा असतो, सगळा जळला तर वर्ष चांगलं जातं म्हणे. तो कंदिलाच्या ज्योतीवर धरला, आणि तो तुळईपर्यंत न विझता जळत गेला.

थोड्या वेळाने शेगडी थंडावायला लागली. सगळे सवयीने नाउमेकडे बघायला लागले.

नाउमेने पाय लांब केले. "स्तावरे," तो म्हणाला, "लाकडं घाल रे. पाय गार पडलेत माझे."

स्तावरे ताबडतोब उठला. दारापर्यंत गेला, थांबला आणि डोकं खाजवायला लागला. त्याने ल्यूबाकडे पाहिलं, ल्यूबाने वेलिकाकडे. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की या घरात लाकडं कुठे रचलेली असतात हे नाउमेखेरीज कुणालाच माहीत नाही.

त्याने ते बसल्या जागेवरून सांगितलं.